एकच लायब्ररी, तीन डेस्कटॉप: विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ आणि अवलोनियासाठी प्रोजेक्ट कसा लावायचा?

धनकवडीकर

नमस्कार मंडळी. मार्केट यार्डातल्या आडत्यांसाठी सी शार्पमध्ये एक लायब्ररी आहे. सीरियल पोर्टवरून वजनकाट्याचं रीडिंग घेते, आडत-हमाली-तोलाईचा हिशेब करते आणि ८० मिलिमीटरच्या थर्मल प्रिंटरवर मराठीत पट्टी छापते. ती वापरणारी ॲप्स तीन आहेत, प्रत्येकाचं यूआय (खिडक्या आणि बटणांचं) फ्रेमवर्क वेगळं. एक विनफॉर्म्सचं जुनं, विंडोज ७ च्या मशीनवर चालणारं, म्हणून नेट४८ (डॉट नेट फ्रेमवर्क ४.८). दुसरं डब्ल्यूपीएफचं, डॉट नेट ८ वर. तिसरं नवीन, उबंटूवर चालवायचं, अवलोनिया ११ मध्ये.

तिन्हींना एकाच सीएसप्रोजमधून (प्रोजेक्टच्या सेटिंगच्या फाइलमधून) लायब्ररी द्यायची होती. टार्गेट (कोणत्या डॉट नेटसाठी बिल्ड करायचं ते) नेट४८ आणि नेट८.० ठेवून यूजडब्ल्यूपीएफ व यूजविंडोजफॉर्म्स दोन्ही ट्रू केलं, तर विंडोज टार्गेट हवं म्हणून एनईटीएसडीके११३६ ही एरर आली. म्हणून नेट८.० काढून नेट८.०-विंडोज केलं. मग अवलोनियाच्या ॲपला एनयू१२०१ आली, प्रोजेक्ट जुळत नाही म्हणे. म्हणून ते ॲपसुद्धा नेट८.०-विंडोज केलं आणि एनेबलविंडोजटार्गेटिंग ट्रू टाकलं. आता उबंटूवर बिल्ड होतं, पण ॲप चालू करताच मायक्रोसॉफ्ट.विंडोजडेस्कटॉप.ॲप हे फ्रेमवर्क सापडलं नाही असं सांगून बंद पडतं. परत नेट८.० जोडून पाहिलं, तर सीएस०२४६ आणि सीएस०१०३ (नाव सापडलं नाही) या एररचा पाऊस पडतो. इनिशिअलाइझकंपोनंट म्हणजे काय हेच त्याला कळत नाही.

प्रोजेक्ट नक्की कसा लावायचा? आणि आणखी एक, लिनक्सवर पट्टी काढली की मराठी अक्षरं फुटतात. विनफॉर्म्समध्ये तीच पट्टी नीट येते.

---

भोसरीकर

या सगळ्या एरर एकाच गोष्टीतून निघाल्या आहेत. टार्गेट फ्रेमवर्कच्या नावात ऑपरेटिंग सिस्टिम असते, यूआय फ्रेमवर्क नसतं. डब्ल्यूपीएफ आणि विनफॉर्म्स या दोघांचंही नाव नेट८.०-विंडोजच, आणि अवलोनियाचं साधं नेट८.०. त्यामुळे 'हे टार्गेट डब्ल्यूपीएफचं, ते विनफॉर्म्सचं' अशी वाटणी टार्गेटफ्रेमवर्क्सच्या यादीतून करताच येत नाही. ती प्रोजेक्ट वेगळे करूनच करावी लागते.

तुम्ही अवलोनियाच्या ॲपला विंडोज टार्गेट दिलंत तिथे खरा घात झाला. एनेबलविंडोजटार्गेटिंग लिनक्सवर विंडोजचा कोड कंपाइल करण्यापुरतं आहे, चालवण्यासाठी नाही. लायब्ररीत यूजडब्ल्यूपीएफ असल्यामुळे तिचा विंडोजडेस्कटॉपचा फ्रेमवर्क रेफरन्स प्रोजेक्ट रेफरन्समधून ॲपपर्यंत झिरपतो. खात्री करायची असेल तर ॲपच्या आउटपुट फोल्डरमधली रनटाइमकॉन्फिग.जेसन उघडा. फ्रेमवर्क्सच्या यादीत नेटकोअर.ॲपच्या खाली विंडोजडेस्कटॉप.ॲप दिसेल. ती ओळ हाताने खोडू नका, पुढच्या बिल्डला परत येते. रेफरन्सच जायला हवा.

मांडणी अशी ठेवा:

काटा.कोअर: नेट४८;नेट८.०. यूआयचा एकही रेफरन्स नाही.
काटा.विनफॉर्म्स: नेट४८;नेट८.०-विंडोज, फक्त यूजविंडोजफॉर्म्स.
काटा.डब्ल्यूपीएफ: नेट८.०-विंडोज, फक्त यूजडब्ल्यूपीएफ.
काटा.अवलोनिया: नेट८.०, अवलोनियाचं पॅकेज.

सीरियल पोर्ट, हिशेब आणि पट्टीचं चित्र तयार करणं हे सगळं कोअरमध्ये. बाकीच्या तिघांत फक्त कंट्रोल आणि बाइंडिंग. प्रत्येक ॲप आपापला प्रोजेक्ट जोडेल आणि कोअरचं योग्य टार्गेट न्यूगेट (डॉट नेटचा पॅकेज मॅनेजर) स्वतः निवडेल.

कोअरला नेटस्टँडर्ड२.० (जुन्या-नव्या डॉट नेटचं सामाईक टार्गेट) पण चाललं असतं. पण तुमचा जुना ग्राहक एकच आहे, नेट४८. मग थेट तेच नाव द्या. सीरियलपोर्ट हा क्लास नेट४८ मध्ये आधीपासून आहे, नेट८.० ला मात्र सिस्टम.आयओ.पोर्ट्स हे पॅकेज लागतं. तेवढा पॅकेजरेफरन्स नेट८.० च्या कंडिशनमध्ये टाका.

दोन चुका हमखास होतात. टार्गेटफ्रेमवर्क असं एकवचनी आणि टार्गेटफ्रेमवर्क्स असं अनेकवचनी, दोन्ही एकाच फाइलमध्ये राहिले तर एकवचनी जिंकतो आणि बाकीची टार्गेट्स बिल्डच होत नाहीत. एरर येत नाही, म्हणून लवकर लक्षात येत नाही. दुसरी चूक कोडमध्ये हॅश-इफ विंडोज (कंपाइलच्या वेळची अट) लिहिण्याची. विंडोज हे चिन्ह नेट८.०-विंडोजमध्ये असतं, नेट४८ मध्ये नसतं! जुन्या ॲपमधून तो कोड गुपचूप गळतो. दोन्हीकडे हवा असेल तर 'विंडोज किंवा नेटफ्रेमवर्क' असं लिहा. आणि कोअरचं नेट८.० विंडोजवरही चालणार आहे आणि उबंटूवरही, तिथे कंपाइलच्या वेळची विभागणी कामाची नाही. रनटाइमइन्फर्मेशनच्या इजओएसप्लॅटफॉर्मने चालतेवेळी विचारा, ते नेट४८ मध्येही मिळतं.

---

औंधची_मी

भोसरीकरांची मांडणी बरोबर आहे. पण यूआयचा भाग दोन-चार कंट्रोलपुरता असेल तर चार प्रोजेक्ट आणि चार पॅकेजेस सांभाळणं जड जातं. डब्ल्यूपीएफ आणि कोअर एकाच प्रोजेक्टमध्येही नांदतात, फक्त कंडिशन नीट लावायला हव्यात.

टार्गेट्स नेट४८;नेट८.०;नेट८.०-विंडोज. यूजडब्ल्यूपीएफ सरसकट न टाकता प्लॅटफॉर्म विंडोज असेल तेव्हाच. त्यासाठी नावाची अक्षरं जुळवू नका, एमएसबिल्डचं (बिल्ड चालवणाऱ्या साधनाचं) गेटटार्गेटप्लॅटफॉर्मआयडेंटिफायर हे फंक्शन वापरा. उद्या नेट१०.०-विंडोज केलंत तरी कंडिशन तशीच चालेल.

धनकवडीकर, तुमचा एररचा पाऊस इथूनच आला. यूजडब्ल्यूपीएफ बंद असलेल्या टार्गेटमध्ये झॅमल (खिडकीची मांडणी लिहिलेली) फाइल कोणी बघत नाही, पण तिच्या मागची सीएस फाइल नेहमीच्या ग्लॉबमधून (फोल्डरमधल्या सगळ्या सीएस फाइली घेणाऱ्या नमुन्यातून) कंपाइल होतेच. झॅमल नाही म्हणजे इनिशिअलाइझकंपोनंट तयारच होत नाही. डब्ल्यूपीएफचं सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्लॅटफॉर्म विंडोज नसेल तेव्हा त्या फोल्डरवर कंपाइल रिमूव्ह लावा. सोबत नन इन्क्लूड लावलंत तर फाइली व्हिज्युअल स्टुडिओत दिसत राहतात.

या कंडिशन कुठे लिहिता त्यालाही महत्त्व आहे. डिरेक्टरी.बिल्ड.प्रॉप्स ही फाइल सीएसप्रोजच्या आधी वाचली जाते. ज्या प्रोजेक्टमध्ये अनेक टार्गेट्स आहेत तिथे टार्गेटफ्रेमवर्क बाहेरून दिलेला असतो, म्हणून प्रॉप्समध्ये कंडिशन चालते. एकच टार्गेट असलेल्या प्रोजेक्टमध्ये त्या क्षणी तो रिकामा असतो आणि कंडिशन कायम खोटी ठरते. सोल्यूशनमधल्या अर्ध्या प्रोजेक्टना सेटिंग लागू होतं, अर्ध्यांना नाही, आणि माणूस दिवसभर शोधत बसतो. टार्गेटवर अवलंबून असलेलं सगळं डिरेक्टरी.बिल्ड.टार्गेट्समध्ये न्या.

एमएसबिल्डप्रोजेक्टनेमवरही कंडिशन लावू नका. डब्ल्यूपीएफ झॅमल कंपाइल करताना नावाच्या शेवटी डब्ल्यूपीएफटीएमपी लागलेला तात्पुरता प्रोजेक्ट बनवतं. त्याचं नाव वेगळं, म्हणून कंडिशन तिथे फसते.

---

भोसरीकर

> डब्ल्यूपीएफ आणि कोअर एकाच प्रोजेक्टमध्येही नांदतात

नांदतात, पण एक खड्डा राहतो. समजा उद्या अवलोनियाचं ॲप विंडोजवरही द्यायचं ठरलं आणि कोणी त्याला नेट८.०-विंडोज केलं. न्यूगेट लगेच लायब्ररीचा विंडोजवाला भाग निवडेल आणि ज्या ॲपमध्ये डब्ल्यूपीएफची एक खिडकी नाही त्याच्या मागे डेस्कटॉप रनटाइम लागेल. सेल्फ-कंटेन्ड (रनटाइमसकट) पब्लिश केलंत तर डब्ल्यूपीएफ आणि विनफॉर्म्सच्या सगळ्या डीएलएल फोल्डरमध्ये. इथे तीन यूआय आहेतच, म्हणून वेगळेच ठेवा असं माझं ठाम मत.

उलटा प्रकारही आहे. लायब्ररी नेट८.०-विंडोज१०.०.१९०४१.० ला आणि ॲप साध्या नेट८.०-विंडोजला असेल, तर ॲपची विंडोज आवृत्ती ७.० धरली जाते. ती लहान, म्हणून विंडोजवाला भाग जुळत नाही. लायब्ररीत नेट८.० पण असेल तर न्यूगेट काही न बोलता तो देतं आणि कंट्रोल 'गायब' होतात. (हे ७.० फक्त एपीआयच्या आवृत्तीचं नाव आहे. डॉट नेट ८ विंडोज ७ वर चालत नाही. तुमचं नेट४८ ठेवणं योग्यच आहे.)

---

धनकवडीकर

दोघांचे आभार. चार प्रोजेक्ट केले, एनईटीएसडीके११३६ आणि एनयू१२०१ गेल्या, उबंटूवर ॲप उघडलं.

आता कोअर नेट४८ साठी बिल्ड होताना रेकॉर्डवर सीएस८३७० (ही सोय या सी शार्पमध्ये नाही) येते. लँगव्हर्जन (सी शार्पची आवृत्ती) १२ केलं तर इनिटवर सीएस०५१८ (लागणारा क्लास नाही). शिवाय इम्प्लिसिट यूजिंग्ज चालू ठेवलं की सिस्टम.नेट.एचटीटीपी सापडत नाही. नेट८.० मध्ये यातलं काहीच नाही.

आणि वजनाचं रीडिंग यूआयपर्यंत कसं न्यायचं? आधी कोअरमध्ये डब्ल्यूपीएफचा डिस्पॅचर (यूआय थ्रेडवर काम पाठवणारा) होता, तो काढावा लागला.

---

औंधची_मी

लँगव्हर्जन लावलंत ते बरोबर, नाहीतर नेट४८ ला सी शार्प ७.३ धरलं जातं. इनिटसाठी कंपायलरला इजएक्सटर्नलइनिट नावाचा क्लास हवा असतो, तो नेट४८ मध्ये नाही. सिस्टम.रनटाइम.कंपायलरसर्व्हिसेस या नेमस्पेसमध्ये त्या नावाचा रिकामा, इंटर्नल, स्टॅटिक क्लास लिहून हॅश-इफ नेटफ्रेमवर्कमध्ये ठेवा. असे बरेच लागले तर पॉलीशार्प पॅकेज घ्या, ते हेच करतं. इंटरफेसमधल्या डिफॉल्ट मेथड मात्र कशानेच मिळणार नाहीत. त्याला रनटाइमचाच आधार लागतो, तो मोह सोडा.

एचटीटीपीसाठी नेट४८ च्या कंडिशनमध्ये यूजिंग रिमूव्ह सिस्टम.नेट.एचटीटीपी. वापरत असाल तर त्याऐवजी रेफरन्स जोडा.

विनफॉर्म्सच्या प्रोजेक्टमध्ये नेट८.०-विंडोजला इम्प्लिसिट यूजिंग्जमुळे सिस्टम.ड्रॉइंग आणि सिस्टम.विंडोज.फॉर्म्स आपोआप येतात. तिथे कधी यूजडब्ल्यूपीएफ पण चालू केलंत तर ॲप्लिकेशन, मेसेजबॉक्स, यूजरकंट्रोल या नावांवर सीएस०१०४ (नाव दोन ठिकाणी सापडतं) येईल.

---

भोसरीकर

डिस्पॅचर काढलात ते उत्तम. कोअरला सिंक्रोनायझेशनकॉन्टेक्स्ट (यूआय थ्रेडवर काम पाठवायचा सामाईक मार्ग) द्या. विनफॉर्म्स, डब्ल्यूपीएफ, अवलोनिया, तिघांकडेही तो असतो.

तो कुठे पकडता यावर सगळं आहे. मेनमध्ये पकडाल तर नल मिळेल. विनफॉर्म्समध्ये तो पहिला कंट्रोल तयार होताना बसतो, त्याआधी नसतो. नल आला म्हणून नवीन सिंक्रोनायझेशनकॉन्टेक्स्ट बनवणारा कोड बऱ्याच ठिकाणी दिसतो, तो तर सरळ थ्रेडपूलवर पाठवतो. पहिली खिडकी उघडल्यावर पकडा: विनफॉर्म्समध्ये लोड, डब्ल्यूपीएफमध्ये लोडेड, अवलोनियात ओपन्ड. आणि काटा सुरू करण्याच्या मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. नल आला तर तिथेच एक्सेप्शन फेका.

सीरियलपोर्टचा डेटारिसीव्ड हा इव्हेंट यूआय थ्रेडवर येत नाही. विनफॉर्म्समध्ये चुकीच्या थ्रेडवरून लेबल बदललं तर एक्सेप्शन फक्त डीबगर लागलेला असताना मिळतं, कारण ती तपासणी एरवी बंद असते. टेबलावर एरर येते, गाळ्यावर येत नाही, तिथे आकडा कधीतरी अडकतो. म्हणून 'चालतंय की' हा पुरावा धरू नका.

पाठवताना पोस्ट वापरा, सेंड नको. यूआय थ्रेडवर पोर्ट क्लोज केला की क्लोज चालू असलेला डेटारिसीव्ड संपायची वाट बघतं. तो डेटारिसीव्ड सेंडमधून यूआय थ्रेडची वाट बघत असतो. दोघे एकमेकांसाठी थांबतात आणि ॲप गोठतं. खिडकी बंद करतानाच ॲप अडकतं अशी तक्रार आली की आधी हे तपासा.

उबंटूवर पोर्टचं नाव कॉम३ वगैरे नसून डेव्ह खालचं टीटीवाययूएसबी० असं असेल. परवानगी नाकारली गेली तर वापरकर्त्याला डायलआउट गटात घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करायला सांगा. नुसतं टर्मिनल बंद करून उघडल्याने गट लागू होत नाही.

---

पर्वतीवरून

पट्टीच्या अक्षरांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. प्रिंटरसाठी पट्टीचं चित्र कशाने काढता? लिनक्सवर काहीतरी छापलं जातंय, म्हणजे सिस्टम.ड्रॉइंग.कॉमन नसणार. ते डॉट नेट ७ पासून विंडोजबाहेर चालतच नाही. स्कियाशार्प (चित्र काढायची लायब्ररी) आणि तिचं ड्रॉटेक्स्ट असावं असा अंदाज.

---

धनकवडीकर

हो, अगदी तेच. लिनक्सकडे स्कियाशार्प, ड्रॉटेक्स्ट. विनफॉर्म्समध्ये टेक्स्टरेंडरर होता.

---

पर्वतीवरून

मग कारण स्पष्ट आहे. टेक्स्टरेंडरर विंडोजकडून अक्षरांची जुळणी करून घेतो. स्कियाचं ड्रॉटेक्स्ट जुळणी करत नाही, स्ट्रिंगमध्ये ज्या क्रमाने अक्षरं आहेत त्याच क्रमाने एकेक चिन्ह ठेवत जातं.

'क्विंटल' घ्या. स्ट्रिंगमध्ये क, हलन्त, व, पहिली वेलांटी, अनुस्वार, ट, ल. जुळणी झाली तर अर्धा क व ला चिकटतो आणि वेलांटी जोडाक्षराच्या डावीकडे येते. ड्रॉटेक्स्टमध्ये पूर्ण क, त्याचा पाय मोडलेला दिसतो, मग व, आणि वेलांटी व च्या उजवीकडे पडून ट च्या अंगावर जाते. अनुस्वारही जागा सोडतो. 'हमाली' मात्र बऱ्यापैकी बरोबर दिसतो, कारण त्यात जोडाक्षर नाही आणि दुसरी वेलांटी तशीही उजवीकडेच असते. म्हणून पट्टीवर काही शब्द चांगले आणि काही फुटलेले दिसतात आणि लोक फॉन्टला दोष देतात.

उपाय: अक्षरांची जुळणी करणारं स्कियाशार्प.हार्फबझ पॅकेज घ्या आणि ड्रॉटेक्स्टच्या जागी ड्रॉशेप्डटेक्स्ट. रुंदी मोजतानाही त्यातल्या एसकेशेपर या जुळणीच्या क्लासचाच निकाल धरा. जुन्या मेजरटेक्स्टने मोजलंत तर रकमेचे आकडे उजव्या कडेला एका रेषेत येणार नाहीत.

फॉन्ट मशीनवर सोडू नका. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय मिळेल, उबंटूवर काय असेल ते त्या मशीनवर. नोटो सान्स देवनागरीची फाइल कोअरमध्ये एम्बेडेड रिसोर्स म्हणून टाका आणि एसकेटाइपफेसच्या फ्रॉमस्ट्रीमने उघडा. ओपन फॉन्ट लायसन्स आहे, सोबत देता येतो. शेपर एकाच टाइपफेसमध्ये शोधतो, त्यात नसलेलं चिन्ह चौकोन होऊन छापलं जातं. रुपयाचं चिन्ह आणि गाडीनंबरची रोमन अक्षरं आधी तपासा.

चाचणीला या चार ओळी ठेवा: 'क्विंटल', 'मिरची', 'श्रीक्षेत्र', 'दऱ्या'. शेवटची मुद्दाम. मराठीचा तो आडवा रफार नुक्त्याच्या ऱ पासून बनतो. तो 'दर्या'सारखा डोक्यावर गेला तर चूक तुमच्या इनपुटमध्ये आहे, कोणीतरी साधा र टाइप केलाय.

चित्राची रुंदी ५७६ ठिपके. ८० मिलिमीटरच्या कागदावर छापण्याची जागा ७२ मिलिमीटर, २०३ डीपीआयला मिलिमीटरमागे ८ ठिपके. म्हणजे रास्टरच्या (चित्र छापण्याच्या) कमांडमध्ये ओळीला ७२ बाइट. ५८ च्या प्रिंटरला ३८४ ठिपके, ४८ बाइट. कडा मऊ करणारं अँटीअलायझिंग बंद ठेवा. करड्या ठिपक्यांचं काळं-पांढरं करताना मात्रा आणि अनुस्वार तुटतात.

आता परत प्रोजेक्टच्या विषयावर, कारण इथेही टार्गेटचाच गुंता आहे. अवलोनिया ११ स्कियाशार्पच्या २.८८ मालिकेवर आहे. तुम्ही कोअरमध्ये त्याहून पुढचं मोठं व्हर्जन ओढलंत तर अवलोनियाच्या ॲपमध्ये एक व्यवस्थापित डीएलएल आणि एक नेटिव्ह लायब्ररी, दोन वेगळ्या वयाच्या, असं होऊ शकतं. मग 'नेटिव्ह लिबस्कियाशार्पची आवृत्ती जुळत नाही' अशा अर्थाचं एक्सेप्शन सुरुवातीलाच. डिरेक्टरी.पॅकेजेस.प्रॉप्स करा, मॅनेजपॅकेजव्हर्जन्ससेंट्रली ट्रू, आणि स्कियाशार्प, स्कियाशार्प.हार्फबझ आणि स्कियाशार्प व हार्फबझशार्पची नेटिव्हॲसेट्स.लिनक्स पॅकेजेस यांची आवृत्ती अवलोनिया जी आणतं तिच्याशी जुळवून तिथे एकदाच लिहा.

---

धनकवडीकर

'दऱ्या' पहिल्याच फटक्यात बरोबर आलं, 'क्विंटल' पण. जुळणीचं इतक्या सविस्तर सांगितलंत, खूप धन्यवाद.

एक अजून. अवलोनियाच्या ॲपमध्ये पट्टी निघते, पण कोअरच्या युनिट टेस्ट उबंटूवर चालवल्या की डीएलएलनॉटफाउंड, लिबस्कियाशार्प. कोड तोच. आणि चारही प्रोजेक्ट एकदम बिल्ड केले तर कधीकधी 'फाइल वापरात आहे' येतं, परत चालवलं की जातं.

---

पर्वतीवरून

ॲपमध्ये नेटिव्ह फाइल अवलोनिया स्वतः आणतं. टेस्ट प्रोजेक्टमध्ये अवलोनिया नाही, म्हणून फाइलही नाही. टेस्ट प्रोजेक्टला स्कियाशार्प.नेटिव्हॲसेट्स.लिनक्स आणि हार्फबझशार्प.नेटिव्हॲसेट्स.लिनक्स थेट जोडा. तरीही तीच एरर आली तर त्या मशीनवर लिबफॉन्टकॉन्फिग१ नसेल, डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये ते नसतंच. ते इन्स्टॉल करा, किंवा फॉन्ट तुम्ही सोबत देताच आहात तर नोडिपेंडन्सीज नावाचं त्याचं दुसरं पॅकेज घ्या.

---

औंधची_मी

'फाइल वापरात आहे' म्हणजे पोस्टबिल्डमध्ये कॉपीची कमांड असणार, किंवा ॲपेंडटार्गेटफ्रेमवर्कटूआउटपुटपाथ फॉल्स केलेलं असणार. प्रत्येक टार्गेटचं बिल्ड वेगळं आणि एकाच वेळी चालतं, पोस्टबिल्डही प्रत्येकाचं वेगळं. नेट४८ आणि नेट८.० दोघे एकाच फोल्डरमध्ये एकाच नावाची डीएलएल टाकायला जातात. कधी एरर येते, आणि कधी येत नाही तेव्हा जास्त वाईट, कारण जुन्या ॲपच्या फोल्डरमध्ये नेट८.० ची डीएलएल जाऊन बसते. कॉपीच्या मार्गात टार्गेटफ्रेमवर्क घाला.

पॅक करणार असाल तर एनेबलपॅकेजव्हॅलिडेशन ट्रू ठेवा. एखादी मेथड नेट८.० मध्ये आहे आणि नेट८.०-विंडोजमध्ये राहून गेली, तर ते पॅक करतानाच सीपी०००२ ही एरर देऊन अडवतं. आणि एनयूपीकेजी (तयार पॅकेजची) फाइल म्हणजे झिपच, उघडून लिब फोल्डर बघा. काटा.कोअरमध्ये नेट४८ आणि नेट८.० एवढेच दोन फोल्डर दिसायला हवेत. तिसरा नेट८.०-विंडोज७.० दिसला तर यूआयचं काहीतरी अजून आत राहिलंय.

---

धनकवडीकर

पोस्टबिल्डमध्ये एक्सकॉपी होती, काढली. लिब फोल्डरमध्ये दोनच आहेत. डॉट नेट ८ चा आधार १० नोव्हेंबर २०२६ ला संपतो, तेव्हा नेट१०.० जोडायचं की बदलायचं?

---

भोसरीकर

यूआयच्या तीन प्रोजेक्टमध्ये बदला. कोअरमध्ये आधी जोडा, तिन्ही ॲप्स हलली की नेट८.० काढा. नेट४८ ला हात लावू नका.